बोनस कमी का येतो? वर्षभर होणाऱ्या या चुका टाळा

दिवाळीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींत दुसरा विषयच नसतो. कंपनीच्या बसमध्ये, बजाजनगरच्या टपरीवर, कॅन्टीनच्या रांगेत एकच प्रश्न: "यंदा किती बसतोय?" जालन्याच्या स्टील मिलमध्ये आणि लातूरच्या डाळ मिलमध्येही तेच. आकडा कळला की कुरकुर सुरू होते, चार दिवस चालते आणि विरून जाते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कष्टाच्या माणसाचे हक्काचे चार-पाच हजार असे दरवर्षी निसटतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण हा पैसा दिवाळीत जात नाही. तो त्याआधीच्या एप्रिल ते मार्च या वर्षात हळूहळू गेलेला असतो.

मुळात बोनस दोन प्रकारचा असतो. एक कायद्यानं मिळणारा, दुसरा कामगिरीवर मिळणारा. आपली माणसं नेमकी उलटी वागतात. जो हक्काचा आहे त्याच्यासाठी साहेबापुढे हात जोडतात, आणि ज्याच्यासाठी वर्षभर तयारी लागते तो नशिबावर सोडून देतात.

हक्काच्या बोनसला मेहेरबानी समजणे

1965 चा बोनस कायदा आता वेतन संहिता, 2019 मध्ये सामावला गेला आहे आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. मूळ गाभा मात्र तोच आहे. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत वर्षात निदान 30 दिवस काम केलं असेल आणि पगार ठरलेल्या मर्यादेत असेल, तर किमान 8.33 टक्के बोनस द्यावाच लागतो. जास्तीत जास्त 20 टक्के. कंपनी तोट्यात आहे म्हणून किमान बोनस टाळता येत नाही. अपवाद नव्या आस्थापनांचा. सुरुवातीच्या पाच वर्षांत ज्या वर्षी नफा झाला त्याच वर्षीचा बोनस त्यांना द्यावा लागतो. ऑरिक या नव्या औद्योगिक शहरात, शेंद्रा-बिडकीनला नवीन प्लांटवर लागलेल्या मुलांनी ही गोष्ट रुजू होतानाच विचारून घ्यावी, म्हणजे पहिल्या दिवाळीला तोंड कडू होणार नाही.

पगाराची मर्यादा सरकार अधिसूचनेनं ठरवतं. 2015 च्या दुरुस्तीनं ती महिना 21,000 रुपये झाली आणि हिशेब 7,000 रुपयांवर किंवा त्या उद्योगाच्या किमान वेतनावर, यांपैकी जे जास्त असेल त्यावर करायचा असं ठरलं. लोक 7,000 चा आकडा लक्षात ठेवतात आणि किमान वेतन विसरतात. 7,000 धरले तर वर्षाचे 84,000 होतात आणि 8.33 टक्क्यांनी हातात साधारण 7,000 येतात. पण तुमच्या उद्योगाचं किमान वेतन समजा 13,000 असेल, तर वर्षाचे 1,56,000 धरावे लागतात आणि बोनस 12,995 च्या आसपास जातो. म्हणजे जवळजवळ सहा हजारांचा फरक. महाराष्ट्रात बहुतेक उद्योगांचं किमान वेतन 7,000 च्या वरच आहे, तेव्हा हा हिशेब स्वतः मांडून पाहा.

आणखी एक. या हिशेबात मूळ पगार आणि महागाई भत्ता धरतात. घरभाडे भत्ता आणि ओव्हरटाइम सहसा धरत नाहीत. "मी तर रोज बारा तास थांबतो, मग माझा बोनस जास्त पाहिजे," असं म्हणणारा माणूस चुकीच्या रकान्यात मेहनत घालतो. ओव्हरटाइमचे पैसे ओव्हरटाइममध्येच मिळतात.

पगाराची स्लिप तर दर महिन्याला बघाच. काही ठिकाणी बोनस सीटीसीत, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चात, धरलेला असतो आणि दर महिन्याला थोडा थोडा 'ॲडव्हान्स बोनस' म्हणून पगारातच दिला जातो. दिवाळीला मग हातात काहीच पडत नाही किंवा फरकाची किरकोळ रक्कम पडते. सहीच्या दिवशी ऑफर लेटरमधली ती ओळ वाचली असती तर वर्षाच्या शेवटी धक्का बसला नसता.

न सांगता घेतलेली सुट्टी

मृगाचा पाऊस पडला की गावाकडून फोन येतो. वडील एकटे आहेत, पेरणीला माणूस मिळत नाही. ऑक्टोबरात सोयाबीन काढायचं असतं. मधे महालक्ष्म्या, पुढे लग्नसराई. पेरणीला जाऊ नका असं मी कुणालाच सांगणार नाही. अर्ध्या मराठवाड्याचं घर अजून शेतीवर उभं आहे. चूक जाण्यात नाही, न सांगता जाण्यात आहे.

पगारी रजेचे दिवस बोनससाठी कामाचे दिवस म्हणून धरले जातात. प्रसूती रजेचे दिवसही धरले जातात. कामावर झालेल्या अपघातामुळे तात्पुरतं घरी बसावं लागलं तर तेही. बिनपगारी गैरहजेरीचे दिवस मात्र कापले जातात. त्यामुळे पगारी रजा मे महिन्यातच लग्नांमध्ये संपवली आणि जूनमध्ये पेरणीला आठ दिवस तसाच गेला, की पगारही जातो आणि बोनसही. वर्षाच्या सुरुवातीलाच घरच्यांसोबत बसा. पेरणीला किती दिवस, काढणीला किती, कुणाचं लग्न टाळता येत नाही, हे ठरवा आणि रजा त्याप्रमाणे राखून ठेवा.

कामगिरीच्या बोनसवर याचा घाव आणखी खोल बसतो. सकाळी साडेसहाला शिफ्ट लागली, प्रेसवर माणूस नाही, फोन बंद. सुपरवायझरला दुसऱ्या लाइनवरून माणूस ओढावा लागतो आणि वरून शिव्या खाव्या लागतात. त्या दिवशीचा राग तो मार्चपर्यंत विसरत नाही. आठ दिवस आधी व्हॉट्सॲपवर एक ओळ पुरते: "सर, 18 ते 22 जून पेरणीसाठी रजा पाहिजे. माझ्या जागी बदली म्हणून अमुक तयार आहे, त्याच्याशी बोललोय." यात बदलीचं नाव महत्त्वाचं. ज्यानं स्वतःच्या रजेची व्यवस्था करून दिली, त्याला नाही म्हणणं साहेबालाही जड जातं.

मार्चकडे खास लक्ष द्या. पैठणची नाथषष्ठी फाल्गुनात, म्हणजे बहुतेक वर्षी मार्चमध्येच येते आणि कंपनीचा वर्षअखेरीचा डिस्पॅचही तेव्हाच असतो. दर्शनाला जा, पण शिफ्ट आधी बदलून घ्या.

काम केलं, नोंद कुठेच नाही

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो.

समजा प्रेस शॉपमध्ये डाय, म्हणजे मशीनवरचा साचा, बदलायला पाऊण तास लागतो. एका ऑपरेटरनं पाने, बोल्ट, क्लॅम्प आधीच ट्रॉलीवर लावून ठेवायला सुरुवात केली. जुनी डाय उतरायच्या आत नवी डाय शेजारी येऊन उभी. काम अर्ध्या तासात व्हायला लागलं. शिफ्टमधल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. पण कायझेनचा, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणा नोंदवायचा, फॉर्म कुणी भरला नाही, किंवा भरला तो दुसऱ्यानं. वर्ष संपताना कागदावर या माणसाच्या नावापुढे काहीच नाही. मग तो म्हणतो, "काम तर म्या मरमर करायलो, मग त्याला जास्त अन् मला कमी कसं?" त्याचं म्हणणं खरं आहे. पण रेटिंग ठरतं त्या खोलीत त्याची मरमर पाहिलेला माणूस बसलेला नसतो. तिथं फक्त कागद असतो.

उपाय सोपा आहे, फक्त सवय लागते. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी दहा मिनिटं काढा आणि छोट्या वहीत किंवा मोबाइलमध्ये चार गोष्टी लिहा: तारीख, अडचण काय होती, आपण काय केलं, फरक किती पडला. आकडा असेलच तर नक्की लिहा: मिनिटं, नग, रिजेक्शन, वाचलेलं मटेरियल. कुणी पाहिलं तेही लिहा. आठवडा रिकामा गेला तर सोडून द्या, ओढून-ताणून काही लिहू नका.

स्वमूल्यांकनाचा फॉर्म येतो तेव्हा याची किंमत कळते. बहुतेक फॉर्मवर एकच वाक्य सापडतं: "दिलेली सर्व कामे प्रामाणिकपणे व वेळेत पूर्ण केली." प्रामाणिक माणसानं मनापासून लिहिलेलं असलं तरी त्यातून साहेबाला काहीच उचलता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: "ऑगस्टपासून डाय बदलण्याचा वेळ 45 मिनिटांवरून 30 मिनिटांवर आणला. साहित्य आधी ट्रॉलीवर लावण्याची पद्धत सुरू केली. दुसऱ्या शिफ्टच्या दोन ऑपरेटरना शिकवली." शेवटचं वाक्य विसरू नका. स्वतः करणारा आणि दुसऱ्याला तयार करणारा यांत कंपनी फरक करते.

फॉर्म इंग्रजीत आहे म्हणून गावाकडून आलेली आयटीआयची, डिप्लोमाची मुलं तो रिकामा सोडतात किंवा "सर, तुम्हीच भरा" म्हणतात. हे अजिबात करू नका. मराठीत लिहिलं तर चालेल का ते एचआरला विचारा. नाही म्हणाले तर आधी मराठीत लिहून काढा आणि इंग्रजी बरं असलेल्या मित्राकडून उतरवून घ्या. 45 आणि 30 हे आकडे कुठल्याही भाषेत तेवढेच राहतात.

कार्यालयात, शोरूममध्ये, हॉस्पिटलात, पतसंस्थेत काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. फक्त आकडे वेगळे: थकीत वसुली किती आणली, तक्रारींचा निपटारा किती दिवसांत झाला, एखादा ग्राहक जाता जाता कसा थांबवला.

पत्र आल्यावर साहेबाकडे जाणे

एप्रिल-मेमध्ये कामगिरीच्या बोनसचं पत्र हातात येतं तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं. विभागाला किती रक्कम, वरच्या श्रेणीत किती जणं बसवायची, हे त्याआधीच वरिष्ठांच्या बैठकीत ठरतं. त्या बैठकीत तुमच्या साहेबाला दुसऱ्या विभागाच्या साहेबासमोर तुमची बाजू मांडावी लागते. त्याच्या खाली तीस-चाळीस माणसं. तुम्ही जुलैमध्ये काय केलं हे त्याला कसं आठवणार?

म्हणून जानेवारी संपायच्या आत पंधरा मिनिटं मागून घ्या. "सर, यंदाची माझी तीन कामं दाखवायची होती, आणि कुठं कमी पडतोय तेही तुमच्याकडून ऐकायचं होतं." तीनच कामं, एका कागदावर. तो कागद त्याच्याकडेच ठेवा. कमी काय आहे हे त्यानं सांगितलं तर वाद घालू नका. दोन महिने हातात आहेत, तेवढ्यात सुधारणा दाखवता येते. आणि ऑक्टोबरमध्ये सहामाही आढावा होत असेल तर ही बैठक तेव्हाच सुरू करा.

व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीप्रमाणे कमी-जास्त होणारा पगाराचा भाग, असणाऱ्यांनी तर एप्रिलमध्येच उद्दिष्टं लेखी घ्यावीत. तोंडी ठरलेलं उद्दिष्ट साहेब बदलला की हवेत जातं, आणि साहेब बदलतातच.

बाकीच्या काही चुका

दुसऱ्या कंपनीची ऑफर दाखवून दम देणं एखाद्या वेळी चालतं, पण ती ऑफर खरी असेल आणि जायची तयारी असेल तरच. शेजारच्याचा आकडा ऐकून भांडायला जाऊ नका. त्याचे दिवस, त्याचा मूळ पगार वेगळा असू शकतो. साहेबाच्या घरच्या कामाला धावून काही मिळत नाही, उलट सोबतच्या माणसांच्या मनातून उतरतो. हाणामारी, चोरी, अफरातफर, मुद्दाम केलेली तोडफोड किंवा लैंगिक छळाची दोषसिद्धी यांवरून कामावरून काढलं, तर कायद्याचा बोनसही जातो. गेटवरच्या रागाच्या पाच मिनिटांत तो गमावू नका.

रक्कम कमी आली तर

आधी शांतपणे हिशेब मागा. कुठला पगार धरला, किती दिवस धरले, किती टक्के लावले. सणासाठी घेतलेली उचल किंवा आधी दिलेला बोनस वजा झाला आहे का ते बघा. दिवसांत गडबड असेल तर तुमच्या रजेच्या मेसेजचे स्क्रीनशॉट इथे कामी येतात. आयकर कापला गेला असेल तर तो वेगळा विषय, कारण बोनस पगारातच धरला जातो. रिटर्न भरताना तो हिशेब मिटतो.

वर्षाच्या मधेच नोकरी सोडलेल्यांनी कायद्याचा बोनस सोडून देऊ नये. 30 दिवस भरले असतील तर जितके महिने केले तितक्यांचा तो मिळतो. कामगिरीच्या बोनसला मात्र बहुतेक कंपन्या वाटपाच्या तारखेला हजेरीपटावर असण्याची अट घालतात. राजीनाम्याची तारीख टाकण्याआधी ती अट वाचा. पंधरा दिवसांच्या घाईनं मोठी रक्कम जाऊ शकते.

कंत्राटी कामगारांचं सगळ्यात अवघड आहे. माणूस त्याच गेटमधून त्याच मशीनवर जातो, पण मधेच ठेकेदार बदलतो आणि जुना म्हणतो नव्याला विचार, नवा म्हणतो जुन्याला विचार. ज्याच्या हजेरीपटावर जितके महिने होतात, तितक्यांचा बोनस त्यानं द्यायचा असतो. म्हणून प्रत्येक ठेकेदाराच्या पगाराच्या स्लिपा, बँकेच्या पासबुकातल्या नोंदी आणि गेटपासचा फोटो जपून ठेवा. आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे मार्चला वर्ष संपत असेल तर नोव्हेंबरअखेरपर्यंत, बोनस खात्यावर यायला हवा. आला नाही तर आधी ठेकेदाराला आणि कंपनीच्या एचआरला लेखी अर्ज द्या, दाद मिळाली नाही तर कामगार उपायुक्त कार्यालयात जा. एकट्यानं जाण्यापेक्षा त्याच ठेकेदाराकडची चार-पाच माणसं मिळून गेलात तर बरं, आणि प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासह मागून घ्या.