ई-गाडीच्या कर्जावरची 80ईईबी वजावट फॉर्म 16 मध्ये नसेल तर

पुण्यात ई-स्कूटर, ई-कार कर्जावर घेतलेल्या बऱ्याच पगारदारांची ही वजावट (आयकर कायद्याचं कलम 80ईईबी) सुटते, कारण कंपनीला कळवलेलंच नसतं, म्हणून ती फॉर्म 16 मध्ये, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या पगार आणि करकपातीच्या दाखल्यात येत नाही. हरकत नाही, आयकर विवरणपत्रात ती थेट मागता येते.

आधी कर्जमंजुरीचं पत्र काढा. मंजुरी 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2023 मधलीच हवी. एमएच-12 नोंदणीची तारीख इथे कामाची नाही. हायब्रिड गाडी चालत नाही.

बँकेकडून त्या आर्थिक वर्षाचा व्याजाचा दाखला घ्या. सगळ्यात जास्त चूक इथे होते: लोक विवरणपत्रात पूर्ण हप्त्याची रक्कम टाकून मोकळे होतात. वजावट फक्त व्याजाची, वर्षाला कमाल दीड लाख, कर्ज फिटेपर्यंत. ही रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. म्हणजे 30 टक्क्यांच्या टप्प्यात पूर्ण दीड लाखावर उपकर धरून 46,800 रुपये वाचतात.

खरी मेख करप्रणालीची. नवी प्रणाली आपोआप निवडलेली असते आणि तिच्यात 80ईईबी नाही. जुनी निवडा, तीही मुदतीत. उशिराच्या विवरणपत्रात तो पर्याय मिळत नाही. व्याज किरकोळ असेल तर दोन्हींचा कर आधी ताडून पाहा, बहुधा नवीच स्वस्त पडेल.