कंटेनरचा डेटा कुठे राहतो? क्लस्टरमध्ये स्टोरेज लावताना या चुका टाळा

मे महिन्यात चोपडा तालुक्यातल्या एका केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसातून सकाळी सातला फोन आला. मुनीमजी होते. "काय व्हयनं भाऊ? कालपर्यंतची एकही पट्टी दिसत नाही." गाडीचं वजन, भाव, हमाली, शेतकऱ्याला द्यायची रक्कम, सगळं मी बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. लॅपटॉप उघडून पाहिलं तर क्लस्टरमधले (एकत्र चालणाऱ्या मशीनच्या गटातले) सगळे पॉड (कंटेनर चालवणारी छोटी एककं) 'रनिंग', डेटाबेसही 'रनिंग', कुठेही एरर नाही. आत मात्र कालपर्यंतचं काहीच नव्हतं.

तिथे तीन छोट्या मशीनवर केथ्रीएस (कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसची हलकी आवृत्ती) चालत होतं आणि पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर साध्या डिप्लॉयमेंटमध्ये (पॉड कसे उभे करायचे ते सांगणारी मांडणी), होस्टपाथ लावून, म्हणजे मशीनच्याच डिस्कवरचा फोल्डर जोडून, ठेवलेलं. पहाटे वीज गेली, यूपीएसची बॅटरी उतरली आणि नेमकं डेटाबेसचं मशीन बंद पडलं. नोड (क्लस्टरमधलं एक मशीन) बेपत्ता आहे हे ठरल्यावर कुबरनेटिस आणखी पाच मिनिटं थांबतं आणि मग पॉड दुसऱ्या मशीनवर उभा करतं. त्या मशीनवर तो फोल्डर नव्हताच. पण मी यामल या सेटिंगच्या फाइलमध्ये 'डिरेक्टरी-ऑर-क्रिएट' (फोल्डर नसेल तर बनव) लिहिलं होतं, म्हणून तो तयार झाला. पोस्टग्रेसला रिकामा फोल्डर दिसला, त्याने कोरा डेटाबेस मांडला आणि ॲपने सुरू होताना टेबलंही बनवून टाकली. जुना डेटा बंद मशीनच्या डिस्कवर सुखरूप होता. तोवर मुनीमजींनी सकाळच्या दोन गाड्यांच्या पट्ट्या केल्या होत्या आणि त्यांचे क्रमांक एकपासून सुरू झाले होते. ते दोन डेटाबेस जुळवण्यात माझे दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत शेतकरी पैशांसाठी ऑफिसात खेटे घालत होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

शिरपूर, फैजपूर, जळगावच्या कॉलेजांतून बाहेर पडलेली मुलं आता गावातच जिनिंग, पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब यांच्यासाठी असे छोटे क्लस्टर लावत आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पॉडच्या पिशवीत वही ठेवू नका

पॉड हा रोजंदारीवरचा माणूस आहे, आज या मळ्यात तर उद्या त्या. सालदारासारखा तो वर्षभर एका वाड्यावर राहत नाही. एम्प्टीडिर, म्हणजे पॉडसोबत मिळणारा रिकामा फोल्डर, ही त्याची पिशवी. आतला कंटेनर पडून पुन्हा उठला तर त्यातल्या फाइल टिकतात, पण पॉडच गेला की पिशवीही जाते. कॅशेसाठी आणि तात्पुरत्या फाइलसाठी ती चांगली, हिशोबासाठी नाही. होस्टपाथ म्हणजे ज्या मळ्यात तो आज आहे तिथल्या झाडाखाली वही ठेवणं. वही कुठे जात नाही, पण माणूस उद्या दुसऱ्या मळ्यात असतो.

काही कारणाने होस्टपाथ ठेवावाच लागला, तर निदान प्रकार 'डिरेक्टरी' लिहा. फोल्डर नसेल तर पॉड उठणारच नाही. त्या सकाळी मला पॉड बंद सापडला असता तर वीस मिनिटांत काम झालं असतं.

योग्य रस्ता पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेमचा (पीव्हीसी): व्हॉल्यूम म्हणजे पॉड गेला तरी टिकणारी डिस्कची जागा, आणि क्लेम म्हणजे ती मागणारा अर्ज. पण केथ्रीएसवर इथेही एक गोष्ट माहीत हवी. त्याची मुळातली स्टोरेज क्लास (जागा कुठे, कशी बनवायची ते ठरवणारी सेटिंग) 'लोकल-पाथ' आहे. क्लेम बाउंड झाला (त्याला जागा मिळाली) म्हणून निश्चिंत होऊ नका, डेटा तरीही एकाच मशीनच्या डिस्कवर असतो. फरक इतकाच की व्हॉल्यूमवर त्या नोडचं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे मशीन बंद पडलं तर पॉड दुसरीकडे कोरा डेटाबेस मांडण्याऐवजी पेंडिंगमध्ये थांबतो. काम थांबतं, पण हिशोब बिघडत नाही. शिवाय 'लोकल-पाथ' क्लेममधला आकार पाळत नाही. पाच जीबी मागितले तरी पॉड नोडची सगळी डिस्क भरू शकतो, आणि डिस्क भरत आली की कुबरनेटिस त्या नोडवरचे पॉड बाहेर काढू लागतं.

क्लेम पेंडिंगवर अडकला

इथे बहुतेक जण क्लेम डिलीट करून पुन्हा लावतात. त्याआधी 'क्यूबसीटीएल डिस्क्राइब पीव्हीसी' ही कमांड चालवा आणि तळाशी असलेले इव्हेंट वाचा. 'वेटिंग फॉर फर्स्ट कन्झ्युमर' असं दिसलं तर काहीही बिघडलेलं नाही. तो क्लेम वापरणारा पॉड शेड्यूल होईपर्यंत डिस्क बनवायचीच नाही, असं त्या स्टोरेज क्लासचं धोरण आहे. क्लाउडवर हे धोरण फार उपयोगाचं. ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये तीन झोन (डेटा सेंटरचे वेगळे गट) आहेत आणि ईबीएस, म्हणजे तिथली क्लाउड डिस्क, एकाच झोनची असते. डिस्क आधी एका झोनमध्ये बनली आणि पॉडला जागा दुसऱ्या झोनमध्येच उरली, तर दोघांची गाठ कधीच पडत नाही.

दुसरं नेहमीचं कारण स्टोरेज क्लासचं नाव. ती ओळ लिहिलीच नाही तर क्लस्टरची डीफॉल्ट क्लास लागू होते. तीच ओळ रिकाम्या अवतरणचिन्हांसह लिहिली तर अर्थ उलटा होतो: आपोआप डिस्क बनवू नको, हाताने बनवलेला व्हॉल्यूमच शोध. इंटरनेटवरून उचललेल्या यामलमध्ये हे रिकामं अवतरण हमखास असतं. हाताने बनवलेला व्हॉल्यूम असूनही क्लेम जुळत नसेल तर दोघांचे ॲक्सेस मोड (डिस्क किती ठिकाणी जोडता येईल ते) ताडून पाहा आणि आकारही पाहा. व्हॉल्यूम मागणीपेक्षा मोठा चालतो, लहान चालत नाही.

'रीड-राइट-वन्स' म्हणजे एक नोड

नावावरून वाटतं की एकच पॉड लिहू शकेल. खरं बंधन नोडचं आहे. त्याच नोडवर दोन पॉड आले तर दोघंही त्याच डिस्कवर लिहितात, आणि डेटाबेसच्या फाइलवर दोघांनी लिहिलं की त्या फाइल कामातून गेल्या समजा. खरोखर एकच पॉड हवा असेल तर 'रीड-राइट-वन्स-पॉड' वापरा. तो १.२९ आवृत्तीपासून स्थिर आहे, मात्र सीएसआय (कुबरनेटिसला स्टोरेज जोडण्याची ठरलेली पद्धत) ड्रायव्हरवरच चालतो.

'मल्टी-अटॅच' (डिस्क आधीच दुसऱ्या नोडला जोडलेली आहे) ही एररही इथूनच येते. डिप्लॉयमेंटमध्ये रोलिंग अपडेट असेल तर नवा पॉड तयार झाल्याशिवाय जुना जात नाही, आणि नवा दुसऱ्या नोडवर पडला तर जुन्याने डिस्क सोडल्याशिवाय तो तयार होत नाही. दोघं एकमेकांची वाट पाहत राहतात. अशा ॲपला 'रीक्रिएट' (आधी जुना काढा, मग नवा उभा करा) स्ट्रॅटेजी द्या. डेटाबेस असेल तर स्टेटफुलसेटच (प्रत्येक पॉडला कायमचं नाव आणि स्वतःची डिस्क देणारी मांडणी) घ्या.

नोड अचानक मेला असेल तेव्हा प्रकरण नाजूक असतं. स्टेटफुलसेटचा जुना पॉड 'टर्मिनेटिंग'मध्ये अडकतो आणि डिस्क सुटत नाही. यासाठी नोडवर 'आउट-ऑफ-सर्व्हिस' टेंट (हा नोड बंद आहे, अशी खूण) लावता येतो, ही सोय १.२८ पासून स्थिर आहे. पण आधी स्वतः जाऊन, किंवा तिथल्या माणसाला पाठवून, मशीन खरंच बंद आहे याची खात्री करा. फक्त नेटवर्कची वायर निघाली असेल आणि मशीन चालूच असेल, तर दोन्हीकडून लिखाण होऊ शकतं. मी तर फोनवर "मशीनवरचा हिरवा दिवा दिसतो का?" असं विचारल्याशिवाय तो टेंट लावत नाही.

डिस्क जोडली, पण पोस्टग्रेस उठत नाही

नव्या एक्स्ट-फोर (लिनक्सची फाइल सिस्टीम) डिस्कच्या मुळाशी 'लॉस्ट-प्लस-फाउंड' नावाचा फोल्डर असतो. पोस्टग्रेस म्हणतं, डिरेक्टरी रिकामी नाही. 'पीजीडेटा' (पोस्टग्रेसच्या डेटा फोल्डरचा पत्ता) एका उपफोल्डरवर न्या, प्रश्न संपला. 'परमिशन डिनाइड' दिसलं तर पॉडच्या सिक्युरिटी कॉन्टेक्स्टमध्ये एफएस-ग्रुप (डिस्कवरच्या फाइल कोणत्या गटाच्या ते) द्या. फाइल लाखांत असतील तर प्रत्येक वेळी मालकी बदलण्यात पॉड रेंगाळतो, तेव्हा धोरण 'ऑन-रूट-मिसमॅच' ठेवा. होस्टपाथवर एफएस-ग्रुप चालत नाही. घाई करून सरळ ७७७ परमिशन (सगळ्यांना सगळे अधिकार) देऊ नका, फोल्डरचा मालक नोडवर नीट बदला.

क्लेम पुसला, डिस्कही गेली

माझ्या मते सगळ्यात महागडी चूक ही. आपोआप बनलेल्या व्हॉल्यूमची रिक्लेम पॉलिसी (क्लेम गेल्यावर डिस्कचं काय करायचं ते), स्टोरेज क्लासमध्ये वेगळं लिहिलेलं नसेल तर, 'डिलीट' असते. क्लेम पुसला की मागची डिस्कही पुसली जाते. नेमस्पेस (क्लस्टरमधला वेगळा कप्पा) पुसली तरी आतले क्लेम जातात. "टेस्टची नेमस्पेस साफ करतो" म्हणत चुकीच्या टर्मिनलमध्ये कमांड मारली की क्षणात खेळ संपतो. ज्या व्हॉल्यूमवर खरा हिशोब आहे त्याची पॉलिसी आजच 'रिटेन' (डिस्क राखून ठेव) करा. चालू व्हॉल्यूमवरही ती बदलता येते, पॉड थांबवावा लागत नाही.

'रिटेन' असताना क्लेम गेला तर व्हॉल्यूम 'रिलीज्ड' दिसतो, पण नवा क्लेम त्याला चिकटत नाही. हे सातबाऱ्यासारखं आहे: जमीन मोकळी आहे, पण उताऱ्यावर जुन्या मालकाचं नाव तसंच आहे. व्हॉल्यूममधला 'क्लेम-रेफ' (जुन्या क्लेमची नोंद) काढा, तो 'अव्हेलेबल' होईल आणि आतला डेटा तसाच असेल. नव्या क्लेममध्ये त्या व्हॉल्यूमचं नाव स्पष्ट लिहा, नाहीतर दुसराच क्लेम तो बळकावेल.

वीज, एनएफएस आणि लाँगहॉर्न

एनएफएस (नेटवर्कवरून वापरायचा दुसऱ्या मशीनवरचा फोल्डर) माउंट होत नसेल तर आधी प्रत्येक नोडवर त्याचं क्लायंट पॅकेज आहे का पाहा. उबुंटूवर ते 'एनएफएस-कॉमन'. लाँगहॉर्नला (डेटाच्या प्रती अनेक नोडवर ठेवणारं स्टोरेज) तसंच 'ओपन-आयस्कझी' हे पॅकेज लागतं. एका नोडवर राहून गेलं की चूक तेव्हाच कळते जेव्हा पॉड नेमका तिथे जातो. एनएफएस सर्व्हरच्या एक्सपोर्टमध्ये वेगासाठी 'असिंक' लावू नका. सर्व्हर डिस्कवर लिहिण्याआधीच "लिहिलं" असं कळवतो, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल हे सांगता येत नाही.

लाँगहॉर्न मुळात तीन प्रती ठेवतं, म्हणजे एक मशीन बंद पडलं तरी काम चालू राहतं. पण चुकून पुसलेलं टेबल तिन्ही प्रतींतून पुसलं जातं, म्हणून बॅकअप वेगळा लागतोच.

चोपड्याच्या त्या ऑफिसात आता डेटाबेस लाँगहॉर्नवर आहे, पॉलिसी 'रिटेन' आहे आणि रोज रात्री पीजी-डंप (पूर्ण डेटाबेसची बॅकअप फाइल) जळगावला माझ्या मशीनवर येतो. काम चालू करण्याआधी मुनीमजींसमोर एक नोड 'ड्रेन' केला (त्यावरचे पॉड हलवून रिकामा केला) आणि पॉड दुसरीकडे उठल्यावर त्यांनाच शेवटची पट्टी उघडायला सांगितली. दर महिन्याच्या एक तारखेला मी आदल्या रात्रीचा डंप कोऱ्या डेटाबेसमध्ये चढवतो आणि त्यांना फोन करतो. ते वहीतला शेवटचा पट्टी क्रमांक वाचतात, मी स्क्रीनवरचा वाचतो.