आरक्षण पडलं म्हणजे जागा वाचली नाही: मोकळ्या जागांसाठी सरकारी पैसा मागताना या चुका टाळा

पुण्यात एखादी टेकडी किंवा बागेची जागा वाचवायची म्हटलं की माणसं मनापासून धावून येतात. सह्या होतात, रविवारी सकाळी मानवी साखळी होते, पेपरात फोटो येतो. मग दोन-तीन वर्षांनी एका सकाळी तिथे पत्रे ठोकलेले दिसतात आणि जो तो विचारतो, ‘अहो, इथे तर बागेचं आरक्षण होतं ना?’ होतं. पण जागा महापालिकेच्या नावावर झालेली नव्हती, ती घ्यायला पैसा ठेवलेला नव्हता आणि मुदत कधी संपते याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. त्याच त्या चुकांनी चांगल्या जागा जाताना पाहून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

झोन आणि आरक्षण यांत गल्लत

विकास आराखड्यात, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या नकाशात, हिरवा रंग दिसला की लोक खूश होतात. त्या हिरव्याखाली किमान चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. डोंगरमाथा-डोंगरउतार हा झोन आहे. तिथे बांधकामावर बंधनं आहेत, १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे, पण जमीन मालकाचीच राहते. ती विकत घ्या असं पत्र दिलंत तर ‘आरक्षण नाही’ एवढंच उत्तर येईल, आणि ते बरोबर असेल. बाग, क्रीडांगण ही आरक्षणं. ती महापालिकेने संपादित करायची असतात. जैववैविध्य उद्यान, म्हणजे बीडीपी, हेही आरक्षण. ते १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर, सुमारे ९७८ हेक्टरवर आहे. आणि चौथी वनजमीन. ती आधीच शासनाची; तिथे महापालिकेकडे संपादन मागण्यात अर्थच नाही, वन विभागाशी बोलावं लागतं. एकाच टेकडीवर हे चारही प्रकार शेजारी-शेजारी सापडतात.

मोबाइलवर आलेल्या नकाशाच्या फोटोवर विसंबू नका. सर्व्हे नंबर हिस्सा नंबरसकट घ्या (नुसता सर्व्हे नंबर म्हणजे अर्धा पत्ता), गावठाणात किंवा नगर भूमापन झालेल्या भागात सिटी सर्व्हे नंबर घ्या, आणि महापालिकेकडून झोन दाखला व भाग नकाशा काढा. हे कागद हातात येईपर्यंत एकही निवेदन लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चुकीच्या खात्याला गेलेलं पत्र सहा महिने फिरतं, आणि तेच सहा महिने पुढे महागात पडतात.

कलम १२७ ची तारीख न पाहणं

सगळ्यात जास्त जागा इथे जातात.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधलं कलम १२७ असं चालतं. अंतिम विकास आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालक महापालिकेला मालकीच्या कागदांसह खरेदी सूचना देऊ शकतो. सूचना मिळाल्यापासून २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा संपादन सुरू करण्याची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप व्यपगत, म्हणजे रद्द, होतं. शेजारच्या जमिनीवर जे चालतं ते तिथेही करायला मालक मोकळा होतो. ही मुदत पूर्वी ६ महिने होती, मग १२ झाली, २०१५ पासून २४ आहे.

आता ‘पावलं’ म्हणजे काय? इथेच सगळे फसतात. ठराव झाला, जिल्हाधिकाऱ्यांना प्रस्ताव गेला, म्हणजे पाऊल पडलं असं वाटतं. गिरनार ट्रेडर्स विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात नेमकं हेच घडलं होतं. मालकाने खरेदी सूचना दिली. तेव्हाची मुदत सहा महिन्यांची. स्थानिक संस्थेने ठराव केला आणि मुदत संपायच्या तोंडावर जिल्हाधिकाऱ्यांकडे संपादनाचा अर्ज पाठवला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की नुसता अर्ज पाठवणं हे संपादनाचं पाऊल नव्हे. संपादनाची घोषणा प्रसिद्ध होणं हे पाऊल. आरक्षण गेलं. २०१३ मध्ये श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणातही न्यायालयाने हीच भूमिका कायम ठेवली. इतका स्पष्ट निकाल असूनही ‘प्रस्ताव पाठवलाय, आता काळजी नाही’ हे वाक्य आजही ऐकू येतं. काळजी तिथूनच सुरू होते. जिल्हाधिकारी कार्यालयात प्रस्ताव त्रुटी काढून परत येतो, पैसे भरल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि २४ महिन्यांचं घड्याळ मात्र चालूच असतं.

दुसरा भाग त्याहून वाईट. खरेदी सूचना ही मालक आणि महापालिका यांच्यातली गोष्ट. ती आली हे नागरिकांना कळवण्याची सोय नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलै ठरवून, माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारायचा: ‘सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा तमुक, या आरक्षणासाठी कलम १२७ खाली खरेदी सूचना आली आहे का, असल्यास आवक क्रमांक व दिनांक, आणि त्यावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या प्रती द्याव्यात.’ १० रुपयांचा अर्ज आहे. लांबलचक प्रश्नावली करू नका, लांब अर्जाला गोल उत्तर मिळतं.

सूचना आली असेल तर तारीख उलटी मोजा. पहिले तीन महिने मोजणी आणि मूल्यांकनाला. पुढचे सहा महिने मंजुरी आणि पैसे भरण्याला. उरलेले पंधरा जिल्हाधिकाऱ्यांकडच्या कामाला, आणि तेही कमीच पडतात. त्याच कायद्याच्या कलम १२६ खालची संपादनाची घोषणा राजपत्रात छापलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फाइल मिटवायची नाही.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. त्याची दहा वर्षं २०२७ मध्ये भरतात. बीडीपीला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली, म्हणजे तिथली दहा वर्षं होऊन गेली. आपल्या जागेला कोणती तारीख लागू आहे ते आजच काढून ठेवा. आराखड्यातले काही भाग नंतर वेगळ्या अधिसूचनेने मंजूर होतात, त्यामुळे वर्तमानपत्रातली तारीख धरू नका, राजपत्रातली ‘अमलात आल्याची’ तारीख धरा.

‘तरतूद करा’ म्हणायचं, आकडा मात्र सांगायचा नाही

निवेदनात ‘जागेसाठी पुरेशी तरतूद करावी’ असं लिहिलेलं असतं. पुरेशी म्हणजे किती? उदाहरण घेऊ. ४० गुंठे, म्हणजे ४,०४७ चौरस मीटर जागा. दर समजायला सोपा जावा म्हणून चौरस मीटरला ३०,००० रुपये धरू. बाजारमूल्य झालं १२ कोटी १४ लाख. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते: २४ कोटी २८ लाख. शिवाय अधिसूचनेपासून निवाडा (भरपाई ठरवणारा आदेश) किंवा ताबा यांपैकी जे आधी होईल तिथपर्यंत बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के, म्हणजे दरवर्षी जवळजवळ १ कोटी ४६ लाख. त्यात जागेवरची झाडं, विहीर, बांधकाम यांची किंमत वेगळी. तिथे ५० लाखांची तरतूद पाहून पेढे वाटणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. तेवढ्याने जागा येत नाही, फक्त अंदाजपत्रकात एक ओळ येते.

रेडीरेकनरचा (सरकारने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला) दर म्हणजे अखेरची किंमत असंही धरू नका. कायदा तो दर आणि आजूबाजूच्या तीन वर्षांतल्या वरच्या निम्म्या खरेदीखतांची सरासरी यांची तुलना करतो, आणि जास्त असेल ते घेतो. त्यामुळे हिशेब करताना दुय्यम निबंधकांकडून आजूबाजूच्या खरेदीखतांच्या सूची-२ च्या (नोंदणीच्या गोषवाऱ्याच्या) प्रती काढाव्यात. कंटाळवाणं काम आहे, पण त्याशिवाय आकडा खरा येत नाही.

आणि तरतूद झाली तरी निर्धास्त होऊ नका. ३१ मार्चपर्यंत न वापरलेला पैसा तसाच थांबत नाही, आणि त्याआधीच वर्गीकरणाने दुसऱ्या कामाला वळू शकतो. अंदाजपत्रकातल्या भूसंपादनाच्या मोठ्या शीर्षात तुमची जागा मिसळलेली असेल तर पैसा आधी रस्त्याच्या जागेला जातो, कारण रस्त्यामागे तगादा लावणारे जास्त असतात. म्हणून सर्व्हे नंबरसह स्वतंत्र ओळ मागा आणि डिसेंबरपासून दर महिन्याला खर्च किती पडला ते विचारत राहा. मागणीही वेळेत गेली पाहिजे. खाती आपापल्या मागण्या दिवाळीच्या सुमारास जमवायला लागतात. फेब्रुवारीत थाटात दिलेलं निवेदन त्या वर्षापुरतं वाया गेलेलं असतं.

टीडीआर म्हणजे फुकटात जागा, हा समज

पैसा नाही तर टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, द्या, हे सोपं उत्तर सगळ्यांना आवडतं. पण कलम १२६ खाली टीडीआर घ्यायचा की रोख मोबदला, यात मालकाची संमती लागते. त्याच्यावर लादता येत नाही. आता तो का घेत नाही ते पाहा. विरळ वस्तीच्या भागातल्या साध्या आरक्षणाला क्षेत्राच्या दुप्पट टीडीआर मिळतो, दाट वस्तीत तिप्पट. ४० गुंठ्यांच्या बागेच्या जागेला ८,०९४ चौरस मीटर. तेवढ्याच बीडीपीतल्या जागेला ८ टक्के, म्हणजे साधारण ३२४ चौरस मीटर. वर टीडीआर वापरताना जिथून निघाला तिथला रेडीरेकनर दर भागिले जिथे वापरायचा तिथला दर असं गुणोत्तर लागतं. टेकडीवरच्या स्वस्त जमिनीचा टीडीआर महागड्या भागात नेला की आणखी आटतो. मालक अडून बसला म्हणून त्याला शिव्या देण्याआधी हा हिशेब करावा. मोबदल्याबद्दल बोलायची तयारी नसलेल्या मोहिमा मला अपुऱ्या वाटतात, मग त्या कितीही गर्दी जमवोत.

टीडीआर देताना जागा बोजारहित, सपाट करून, दीड मीटर उंचीच्या कुंपणासह ताब्यात यायला हवी, अशी नियमात अट आहे. टेकडीवर ‘सपाट करून’ हा शब्द घातक आहे. तिथे उताराला हात लावायचा नाही हे संमतीपत्रातच लिहून घ्या.

भलत्याच निधीकडे हात पसरणं

खासदार निधीतून जमीन घेता येत नाही, भूसंपादनाची भरपाईही देता येत नाही. हे मार्गदर्शक सूचनांतच आहे. अमृत अभियानात हिरव्या जागा विकसित करायला पैसा होता, जमीन खरेदीला नव्हता.

नगर वन योजना कॅम्पाच्या, म्हणजे भरपाई वनीकरण निधीच्या, पैशातून चालते. हेक्टरी ४ लाख रुपये, नगर वनासाठी क्षेत्र १० ते ५० हेक्टर. २०२० मध्ये ती जाहीर झाली तेव्हा वारज्याचं स्मृतिवन नमुना म्हणून पुढे ठेवलं होतं. तोही पैसा निर्मिती आणि निगराणीचा, जमिनीचा नव्हे.

पुणे महापालिकेचं नागरिक सहभागाचं अंदाजपत्रक २००६-०७ पासून आहे. एका कामाला ५ लाखांची मर्यादा चालत आली आहे. बाकं, पायवाट, फाटक, पाण्याची टाकी यासाठी जरूर अर्ज भरा. जागा घ्या म्हणून त्यात भरलेला अर्ज नाकारलाच जाणार.

थोडक्यात, जमिनीसाठी महापालिकेचं भूसंपादनाचं शीर्ष किंवा शासनाचं खास अनुदान. बाकीचे निधी जागा हाती आल्यानंतरचे.

सातबारा न वाचणं

इतर हक्काचा आणि भूधारणा पद्धतीचा रकाना वाचा. कूळ, वतन, भोगवटादार वर्ग-२ (विकायला शासनाची परवानगी लागणारी जमीन), बँकेचा बोजा, कोर्टातला दावा, यातलं बरंचसं तिथे दिसतं. वारसांची नावं लागलेली नसतील तर वाटाघाटीने खरेदी होत नाही. सक्तीच्या संपादनात मोबदला भूसंपादन प्राधिकरणाकडे जमा करून पुढे जाता येतं. एका भावाची संमती म्हणजे कुटुंबाची संमती नव्हे. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, यातलं काहीही टाळू नका.

ताबा मिळाला की पाठ फिरवणं

निवाडा झाला, पैसे दिले, फोटो निघाले. सातबाऱ्यावर मात्र जुनंच नाव. अशी जागा पुन्हा विकली जाते, मग वर्षानुवर्षं दावे. ताबा पावती आणि पंचनामा झाल्याच्या आठवड्यात फेरफाराचा अर्ज गेला पाहिजे. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत घेऊन हद्दीच्या खुणा दगडात रोवून घ्या, चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते.

त्यानंतर राडारोडा. उघड्या जागेवर रात्री एक डंपर रिकामा झाला की आठवड्यात वीस होतात, आणि भराव पडला की उतारच बदलतो. पहिलं काम रस्त्याकडच्या बाजूला आडवा चर किंवा मोठे दगड, म्हणजे डंपर आत शिरणार नाही. पूर्ण कुंपणाची निविदा निघेपर्यंत थांबू नका.

राखणदाराचा पगार महसुली खर्चात बसतो, कुंपण भांडवली खर्चात. दोन्ही मागण्या वेगवेगळ्या करायच्या असतात. नुसती भांडवली मागितली की कुंपण उभं राहतं आणि ते राखायला माणूस नसतो.

शेवटची चूक उत्साहाची. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताळ, विरळ झाडांच्या. तिथे निधी संपवायचा म्हणून गिरीपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या) रांगा लावणं, सिमेंटच्या पायवाटा ओतणं, दिवे लावणं यात टेकडीचं काहीच जपलं जात नाही. गवत राहू द्या. झाडं लावायचीच तर सालई, धावडा, गणेर, पांगारा, खैर अशी, तीही जिथे माती आहे तिथेच. गिरीपुष्प लवकर हिरवं दिसतं म्हणून लावायचं, ही घाई आहे. पैसा वणव्यावर खर्च करा. डिसेंबर-जानेवारीत, गवत पूर्ण वाळायच्या आत, हद्दीलगत आणि पायवाटांच्या कडेने जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेले पट्टे) काढून घ्याव्या लागतात. हे काम दरवर्षीचं, म्हणून महसुली शीर्षातलं, आणि ते आदल्या वर्षीच्या दिवाळीतल्या मागणीत लिहिलेलं नसेल तर त्या हिवाळ्यात त्यासाठी पैसा मिळत नाही.