लोडरचे घोडे वाढवताय? आधी या चुका टाळा

गाळप हंगाम सुरू झाला की माझ्या फोनवर एकच रडगाणं. "अण्णा, लोडर दम धरंना झालाय. जरा पंप वाढवून द्या की ओ." बोलणारा कधी खानापूरचा, कधी संकेश्वरचा, कधी निपाणीचा. मशीन मात्र तेच, रबरी पट्ट्यांचा छोटा ट्रॅक लोडर. आमच्या बेळगावकडं त्याला सरसकट बॉबकॅट म्हणतात, बोनेटवर नाव कुठल्याही कंपनीचं असो. आणि औषध काय द्यायचं हेही त्यानं फोन करायच्या आधीच ठरवलेलं असतं. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवायचं.

डिझेल पंप आणि हायड्रॉलिकच्या कामात माझी हयात गेली. घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, वाढवता येतात, मी स्वतः वाढवून दिलेत. पण माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक मशिनांना नवे घोडे नकोच असतात. कंपनीनं दिलेलेच कुठंतरी गळालेले असतात, आणि ते शोधायला कुणाला सवड नसते.

न मोजता ठरवून टाकणं

"ताकद कमी झाली" म्हणजे नेमकं काय झालं? बूम, म्हणजे बकेट उचलणारा हात, हळू उठतो, की वजन उचलतच नाही, की ढिगाऱ्यात घुसताना इंजिन दबतं? ही तीन वेगळी दुखणी आहेत. बूम किती वेगानं उठणार हे पंपातून मिनिटाला किती लिटर तेल येतं त्यावर ठरतं. किती वजन उचलणार हे रिलीफ व्हॉल्व्हच्या दाबावर, म्हणजे तेलाचा दाब ठरावीक आकड्यापुढं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह कितीवर बसवलाय त्यावर. २०० बारला मिनिटाला ७५ लिटर तेल ढकलायचं तर २०० गुणिले ७५ भागिले ६००, म्हणजे २५ किलोवॅट, साधारण ३४ घोडे लागतात. इंजिन सत्तर घोड्यांचं असेल तर नुसता बूम उचलताना निम्मी ताकद बसूनच असते. त्यात आणखी दहा घोडे घातले तरी बूम तसूभरही लवकर उठणार नाही.

माझी पद्धत साधी आहे. तेल गरम करून घ्यायचं, रेस पूर्ण, टॅकोमीटरवर आकडा बघायचा. मग बूम शेवटपर्यंत उचलून लिव्हर पाच-सात सेकंद तसाच धरायचा, जास्त नाही, तेल उकळतं. समजा रिकाम्या रेसला २७०० आरपीएम होते आणि लोडवर २५०० राहिले, तर इंजिन ठीक आहे. मग मी त्या माणसाला म्हणतो, मालक, हायड्रॉलिक बघू, सक्शनची जाळी बघू, झिजलेला गिअर पंप बघू. चालताना आणि उचलताना दोन्ही मिळून आरपीएम १८०० वर कोसळत असतील तरच इंजिनाकडं वळायचं. हे करायला दहा मिनिटं लागतात. ती कुणाकडं नसतात, हंगाम चालू असतो ना.

हवा न बघता डिझेल वाढवणं

या चुकीवर मी तासभर बोलू शकतो, ऐकणारा पाहिजे.

डिझेल इंजिनात ताकद डिझेलनं येते हे खरं. पण एक किलो डिझेल नुसतं जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते, आणि स्वच्छ जळायला त्याहून बरीच जास्त, अठरा-वीस किलो. तेवढी हवा नसली की उरलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं आणि जाता जाता पिस्टन भाजून जातं. काळा धूर बघून "आता इंजिन मोकळं झालं" म्हणणारे मी पाहिलेत. त्यांना हात जोडतो.

काही वर्षांमागं जानेवारीत, ऐन हंगामात, खानापूर भागातला एक मालक माझ्याकडं आला. सेकंडहँड लोडर, चार सिलिंडर, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), जुना मेकॅनिकल पंप. एका साखर कारखान्याच्या यार्डात बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, ढकलायचं काम. मशीन दबतंय म्हणून कुणीतरी फुल लोड स्क्रूचं, म्हणजे जास्तीत जास्त किती डिझेल जाणार ते ठरवणाऱ्या स्क्रूचं, सील तोडून दीड फेरा आत घातला होता. दीड फेरा! दोन दिवस मशीन वाघासारखं चाललं. मालकानं स्क्रू फिरवणाऱ्याला पार्टी दिली. ऑपरेटर कन्नड पोरगा, तो दोन्ही दिवस सांगत होता, "सावकार, होगी भाळ बराकत्तैत्री." धूर फार येतोय. मालकानं ऐकलं नाही. तिसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला इंजिनात खडखडाट झाला, ब्रीदरमधून वाफेच्या इंजिनासारखा धूर, आणि मशीन बगॅसच्या ढिगात तोंड खुपसून थांबलं.

हेड उतरवलं. तीन नंबरच्या पिस्टनचा माथा एका कडेनं मेणासारखा ओघळलेला, अ‍ॅल्युमिनियम व्हॉल्व्हला चिकटलेलं, टर्बोच्या पात्यांचे तुकडे उडालेले. पण खरी गंमत नंतर कळली. इंजिन बांधून झाल्यावर मी हवेचे सगळे पाईप साबणाच्या पाण्यानं तपासले. टर्बोकडून मॅनिफोल्डकडं जाणारा रबरी पाईप खालच्या बाजूनं चिरलेला होता. हातानं चाचपला तर कळत नव्हतं, आत दाब आला की चीर उघडायची आणि फुगे यायचे. मूळ दुखणं ते होतं. त्या चिरेतून हवा जात होती म्हणून इंजिन दबत होतं, आणि त्यावर इलाज म्हणून कुणीतरी डिझेल वाढवलं. पाईप हजारभर रुपयांचा. इंजिनाचं बिल मी सांगत नाही, मालक अजून माझ्याकडं येतो.

रेडिएटरच्या जाळीत दोन मुठी बगॅस दाबून बसला होता, तो वेगळाच.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं मीटर, टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये सेन्सर बसवून, आणि बूस्टचं, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाचं, मीटर, ही दोन लागल्याशिवाय मी सीलला हात लावत नाही. मालक म्हणतो, "मीटर कशाला ओ, कानानं कळतंय की." कानानं कळत असतं तर तो पिस्टन वितळला नसता. पूर्ण लोडवर सलग काम करताना आकडा ६५० अंशांवर स्थिरावला की मी थांबतो. ७०० च्या वर सतत चालवणार असाल तर मशीन दुसरीकडं न्या.

आणि फेरे नाही, फेऱ्याचा आठवा भाग. आधी नोझल टेस्टरवर, पंप कॅलिब्रेशनच्या बेंचवर, टॅपेट सेटिंग मॅन्युअलप्रमाणं. मग स्क्रूवर रंगाची खूण करायची, वहीत लिहायचं, आठवा भाग फिरवायचा, पंधरा मिनिटं खऱ्या कामावर चालवायचं, धूर, तापमान, पाणी बघायचं. सगळं मिळून दहा टक्क्यांच्या पुढं मी जात नाही. पुस्तकात असा काही आकडा नाही, ही माझी सवय आहे. जास्त घोड्यांच्या मॉडेलमध्येही तेच इंजिन येतं, मग आमचं का नाही, असं एक जण भांडत होता. त्या मॉडेलचा टर्बो, नोझल, रेडिएटर, कधी कधी पिस्टनखाली तेल मारणारे जेटसुद्धा वेगळे असतात. बाहेरून ब्लॉक सारखा दिसतो एवढंच.

उंचीचा विसर

गोव्याहून चोर्ला घाट चढून आलेलं मशीन बेळगावात पोचलं की मालकाला वाटतं घाटात काहीतरी बिघडलं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर शंभर मीटरला साधारण एक टक्का ताकद सोडतं, म्हणजे इथं सात-आठ टक्के गेलेच. हवाच विरळ आहे. अशा इंजिनात डिझेल वाढवलं तर फक्त धूर वाढतो. उलट थोडं कमी करावं लागतं.

रिलीफ व्हॉल्व्हखाली वायसर

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळं यावर बोलायचा हक्क आहे.

पंचविशीत होतो, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नुकतंच काम धरलं होतं. एका फाउंड्रीतला लोडर बिडाचे तुकडे भरलेली बकेट उचलताना चाचरत होता. मी रिलीफच्या स्प्रिंगखाली दोन वायसर घातले. प्रेशर गेज नव्हता, लावायची अक्कल नव्हती. बकेट उठली, फाउंड्रीवाल्यानं पाठ थोपटली, मी छाती फुगवून घरी आलो. दोन महिन्यांनी लिफ्ट सिलिंडरचा होज पाईप फुटला आणि भरलेली बकेट डोक्याइतक्या उंचीवरून खाली आली. तिथं वाळू झाडणारा एक हेल्पर उभा असायचा. तो चहा आणायला गेला होता. चहाची किटली हातात घेऊन तो दारात उभा होता, ते तोंड मला अजून दिसतं.

ट्रॅक लोडरवर लिहिलेली उचलण्याची क्षमता म्हणजे मशीन ज्या वजनाला पुढं कलंडतं त्याच्या ३५ टक्के. दाब वाढवून तुम्ही ती वाढवत नाही, फक्त कलंडण्याच्या जवळ जाता. रिलीफ बसवायचा तो गेज लावून, कंपनीच्या आकड्यावर. आणि बूमखाली काम करायचं तर आधी बूमचा लॉक लावायचा. जॅक, लाकडाचा ठोकळा, "मी धरतो की गा", यातलं काही चालत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

रेस वाढवायला गव्हर्नरचा (इंजिनाचे फेरे आवरणाऱ्या भागाचा) वरचा स्क्रू फिरवणं: इंजिन कदाचित सोसेल, पट्टे चालवणारा हायड्रोस्टॅटिक पंप सोसत नाही. त्याची किंमत एकदा विचारून या.

पट्टे वाजवीपेक्षा ताणून बसवणं: मशीन चालण्यातच घोडे खातं. खानापुरातल्या पावसाळ्यात रोलरमध्ये तांबडा चिखल वाळून दगड होतो, तोही खातो. रोज संध्याकाळी पाणी मारा.

एअर क्लीनर आपटून झाडणं: कागद फाटतो आणि वाळूची धूळ थेट लायनरमध्ये. हवा मारायची तर आतून बाहेर, दोन बारच्या आत. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचा असतो.

रेडिएटर आणि ऑइल कूलर यांच्यामधली फट न उघडणं: बाहेरून लखलखीत, मध्ये बगॅसची गादी. घोडे वाढले की उष्णताही वाढते, ती जाणार कुठं?

काम संपलं की लगेच किल्ली बंद: टर्बो मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि बेअरिंगमधलं तेल तिथंच जळून कोळसा होतं. तीन-चार मिनिटं आयडल ठेवा, तोवर विडी संपते.

कॉमन रेलला (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनाला) बाजारातला इलेक्ट्रॉनिक डबा लावणं: यावर माझं मत वाईट आहे. डबा रेलच्या प्रेशर सेन्सरचा आकडा इंजिनाच्या कॉम्प्युटरला खोटा सांगतो, मीटर लावून कुणी बघत नाही, वॉरंटी जाते. बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून स्टेज चार आणि १ जानेवारी २०२५ पासून स्टेज पाचचे धुराचे नियम आलेत. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून घोडे मिळवून द्या म्हणणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवतो.

आणि त्या रेलची गळती बोटानं शोधणं. आत हजार-दीड हजार बारचा दाब असतो. केसाएवढ्या फटीतून येणारी धार डोळ्याला दिसत नाही, कातडीतून आत शिरते, बाहेरून टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो आणि रात्रीपर्यंत बोट काळं पडायला लागतं. दुखत नाही म्हणून घरी जाऊ नका, तडक सर्जनकडं जा आणि डिझेल आत गेलंय हे त्याला सांगा. मी गळती शोधायला खोक्याचा पुठ्ठा लांब धरून फिरवतो, ओला ठिपका दिसला की इंजिन बंद, दाब उतरेपर्यंत थांबायचं, मग पाना. असा एक पुठ्ठा गॅरेजच्या खिळ्याला कायम टांगलेला असतो. नवीन पोरं त्यावर बसून डबा खातात.