आडतीच्या सॉफ्टवेअरला टास्क क्यू कशी जोडायची (जँगो, सेलरी, रेडिस)

सोयाबीनचा सीझन लागला की लातूर असो, परभणी असो, मोंढ्यातल्या आडत दुकानाच्या सॉफ्टवेअरवर एकदम लोड येतो. सौदा झाला, काटा झाला की मुनीम पट्टी भरतो, वजन गुणिले भाव, त्यातून हमाली तोलाई वजा, अन् सेव्ह दाबतो. आता बऱ्याच ठिकाणी जँगोचा (पायथॉनची वेब फ्रेमवर्क) कोड असा असतो की त्याच एका रिक्वेस्टमधे पट्टी डेटाबेसला जाती, पीडीएफ बनती आणि शेतकऱ्याला एसएमएसही जातो, म्हणजे एसएमएसवाल्याचा सर्व्हर स्लो झाला की मुनीमच्या स्क्रीनवर नुसतं गोल फिरायलंय, समोर शेतकरी ताटकळत उभा, मग मुनीम परत सेव्ह दाबतो अन् एकाच मालाच्या दोन पट्ट्या तयार. शेतकऱ्याच्या पैशाचा कागद आहे तो, असं चालत नाही.

पट्टी सेव्ह करणं एवढंच रिक्वेस्टमधे ठेवा. पीडीएफ अन् एसएमएस मागं ढकला. ढकललेलं काम रेडिसमधे (मेमरीत डेटा ठेवणारा सर्व्हर) रांगेत, म्हणजे क्यूत, जाऊन थांबतं, त्याला ब्रोकर म्हणायचं, आणि सेलरीची (मागची कामं चालवणारी पायथॉनची लायब्ररी) वर्कर नावाची वेगळी प्रोसेस तिथून एकेक काम उचलून करती. सेलरी आणि रेडिस दोन्ही 2009 पासूनचे आहेत, अडलं तर उत्तर सापडतं, म्हणून छोट्या टीमला मी हीच जोडी सांगतो. रॅबिटएमक्यू (दुसरा एक ब्रोकर) पण चांगलंय, पण एका सर्व्हरवरच्या ॲपला रेडिस पुरतं.

इन्स्टॉल सोपंय. उबुंटूवर ॲप्टनं रेडिस टाका, ते 6379 पोर्टवर चालतं, हा पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवायचा नाही, फक्त लोकलहोस्ट. रेडिसच्या कॉन्फिगमधे अपेंड ओन्ली चालू करा म्हणजे लाईट गेली अन् सर्व्हर बंद पडला तरी क्यूमधली कामं डिस्कवर राहतात (फार तर शेवटच्या एखाद्या सेकंदाची जातील), आणि मेमरी पॉलिसी नो एव्हिक्शनच ठेवा, नाहीतर मेमरी भरल्यावर रेडिस जुनं काढून टाकताना तुमची कामंही गुपचूप उडवू शकतं. मग पिपनं सेलरी टाका, सेटिंग्जच्या शेजारी सेलरीची फाईल बनवा, ती प्रोजेक्टच्या इनिट फाईलमधे इम्पोर्ट करा, ब्रोकरचा पत्ता द्या, झालं. विंडोजवर डेव्हलपमेंट करणाऱ्यांनी वर्कर सोलो पूलवर (एकाच प्रोसेसमधे, एकावेळी एकच काम) चालवा, कारण चौथ्या व्हर्जनपासून विंडोजला अधिकृत सपोर्ट नाही.

आता टास्क. एसएमएस पाठवायचं फंक्शन घ्या, त्याच्यावर शेअर्ड टास्क लावा आणि जिथं आधी सरळ बोलवत होता तिथं डिले लावून बोलवा. त्याला पट्टीचा अख्खा ऑब्जेक्ट देऊ नका, नुसता आयडी द्या, तसंही टास्कला दिलेला डेटा डिफॉल्टला जेसनमधेच (साध्या मजकुरात) जातो त्यामुळं ऑब्जेक्ट जाणारच नाही. आणि हे नीट बघा, ट्रान्झॅक्शनच्या आत डिले बोलवलं तर कमिट व्हायच्या आधीच वर्कर काम उचलतो, डेटाबेसमधे पट्टी शोधतो अन् ती तिथं नसतीच, डझ नॉट एक्झिस्ट म्हणून एरर येतो. लॅपटॉपवर हे सहसा दिसत नाही, सीझनच्या लोडमधे दिसतं. म्हणून जँगोच्या ऑन कमिटच्या (कमिट झाल्यावरच चालणारं) आतूनच टास्क टाका, सेलरी 5.4 पासून तर डिले ऑन कमिट असं तयारच मिळतं.

माझ्या मते सगळ्यात जास्त डोकं इथून पुढं लावायचं, कारण एकच टास्क दोनदा चालू शकतं आणि हे धरूनच कोड लिहावा लागतो. डिफॉल्टला वर्कर काम सुरू करतानाच पोच देऊन टाकतो, मधेच मेला तर ते काम गेलं. ॲक्स लेट ही सेटिंग चालू केली तर पोच काम संपल्यावर जाती, पण मग अर्धवट झालेलं काम पुन्हा पहिल्यापासून चालतं. त्यात रेडिसचा व्हिजिबिलिटी टाईमआऊट एक तासाचा, तेवढ्यात पोच नाही आली की तेच काम दुसऱ्या वर्करला, म्हणून "तीन तासांनी पाठव" असली टास्क टाकली तर तीही दोनदा जाऊ शकती. उपाय असा की पट्टीच्या टेबलमधे एसएमएसची स्थिती ठेवा, आणि वर्करनं पहिल्यांदा "बाकी असेल तरच चालू कर" असं एकाच अपडेटमधे करायचं, शून्य ओळी बदलल्या तर गप परत फिरायचं. कुठली पट्टी "चालू" वरच अडकून बसली तर ती हातानं बघता येती. दोनदा मेसेज गेला तर शेतकरी नुसता गोंधळंल, पण उद्या हेच तुम्ही पेमेंटला वापरणार, म्हणून सवय आत्ताच लावा.

रिट्राय सगळ्याच एररला लावू नका. नेटवर्क तुटलं किंवा टाईमआऊट झाला तरच, तेही बॅकऑफ लावून, म्हणजे दरवेळी थांबायचा वेळ वाढत जातो, आणि रिट्रायच्या आधी स्थिती परत "बाकी" करा, नाहीतर वर्कर गप परत फिरंल. नंबर चुकीचा असंल किंवा मजकूर डीएलटीला (एसएमएसचे मजकूर आधी नोंदवायची टेलिकॉमची यंत्रणा) रजिस्टर केलेल्या टेम्प्लेटशी जुळत नसंल तर शंभरदा पाठवलं तरी जाणार नाही, तिथं एरर नोंदवून सोडून द्या. आणि एसएमएसच्या कॉलला दहा सेकंदांचा टाईमआऊट हवाच, पायथॉनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला स्वतःचा टाईमआऊट नसतो, समोरचा गप बसला की तुमचा वर्करही बसला.

महिन्याचा हिशोब, मोठे एक्सेल रिपोर्ट असली कामं वेगळ्या क्यूत अन् वेगळ्या वर्करवर टाका, नाहीतर एका रिपोर्टमागं सगळ्या पट्ट्या अडकतात. वर्कर सिस्टमडीखाली (लिनक्सवर प्रोसेस सांभाळणारा प्रोग्रॅम) चालवा म्हणजे पडला तर आपोआप उठंल, आणि नवा कोड टाकला की वर्करही रिस्टार्ट करा, तो जुनाच कोड घेऊन बसलेला असतो. रोज ठराविक वेळेची कामं असतील तर सेलरीचं बीट (वेळ झाली की काम क्यूत टाकणारी प्रोसेस) लागतं, ते एकच चालवायचं, दोन चालली की प्रत्येक काम दोनदा.

चालू झाल्यावर क्यूची लांबी बघत राहा, रेडिसमधे सेलरी नावाची लिस्ट असती तिची लांबी एलएलईएन या रेडिसच्या कमांडनं मिळती. दुपारी वाढून संध्याकाळपर्यंत शून्यावर आली तर ठीक, रात्रीपर्यंत वाढतच असंल तर आधी वर्करचा लॉग उघडा आणि तो कशावर थांबायलाय ते बघा, मगच वर्कर वाढवा.