हॉकीचा संघ नव्याने उभा राहतोय? मग तो जोखताना या चुका टाळा

पिंपरीत नेहरूनगरच्या ध्यानचंद हॉकी स्टेडियमवर सामना बघायला बसलं, की पहिला क्वार्टर संपायच्या आत मागून कुणीतरी ओरडतं, "कोच बदला!" पंधरा मिनिटंसुद्धा झालेली नसतात. नव्याने बांधला जाणारा संघ सुधारतोय का आणि कारभारी आपलं काम नीट करतायत का, हे ठरवताना लोक त्याच त्या चुका करतात. आता बघवत नाही, म्हणून लिहितोय.

नुसता स्कोअर बघणं

२५ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्याला ७-१ असं धुतलं. ५ ऑगस्टला त्याच पोरांनी जर्मनीला ५-४ हरवून कांस्य घेतलं. एप्रिल २०२४ मध्ये पर्थला पाचही कसोट्या हरलो: १-५, २-४, १-२, १-३, २-३. लोकांच्या लक्षात राहिलं ते मालिकेतलं ०-५. पण हे आकडे ओळीने वाचा, चार गोलांचा फरक शेवटी एकावर कसा आला ते दिसेल. २ ऑगस्टला पॅरिसमध्ये याच ऑस्ट्रेलियाला आपण ३-२ हरवलं, ऑलिंपिकमध्ये १९७२ नंतर पहिल्यांदा.

मी वहीत चार रकाने आखतो: आपण डीत, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, किती वेळा शिरलो, समोरचे किती वेळा शिरले, पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्यांच्या चुकीवर मिळणारी गोलची संधी) किती मिळवले आणि किती दिले, कार्डं किती. चौथा क्वार्टर लाल शाईने लिहितो. दमलेल्या पायांनी संघ कसा खेळतो, तीच त्याची खरी पातळी. मोबाइलवर हायलाइट्स बघून मत देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. हायलाइट्समध्ये गोल दिसतो, त्याआधी सोडलेला माणूस दिसत नाही.

कोचला पेरणीनंतर आठवड्यात कापणी मागणं

या चुकीत मी स्वतः सामील होतो. पुण्यातल्या एका क्लबच्या कमिटीत होतो तेव्हाची गोष्ट. संघ मोडकळीला आलेला, बॅककडे चेंडू आला की पुढे लांब हाणायचा, एवढाच काय तो डाव. नवे कोच आले आणि त्यांनी ते हाणणं बंद केलं. मागून छोटे पास देत बाहेर पडायचं, चेंडू गेला की तिथल्या तिथे तिघांनी घेरायचं. पोरांना ते जमेना. आपल्याच पंचवीस यार्डांत चेंडू गमावून गोल खाल्ले. ओळीने सहा सामने हरलो. कमिटीची बैठक बसली, चहा यायच्या आत कोचला काढायचा निर्णय झाला. मीही हात वर केला.

घरी येऊन वही उघडली. पहिल्या सामन्यात शेवटच्या क्वार्टरमध्ये समोरचे आमच्या डीत नऊ वेळा घुसले होते. सहाव्यात चार वेळा. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं आणि बैठकीला जाण्याआधी मी ते वाचलं नव्हतं. पुढच्या कोचने बाहेरून तीन तयार खेळाडू आणले, पुन्हा लांब हाणणं सुरू केलं, दोन सामने जिंकले. पेढे वाटले गेले. पुढच्या मोसमात ते तिघं निघून गेले आणि आमच्या पोरांना ना जुना खेळ येत होता ना नवा. त्यातल्या दोघांनी हॉकीच सोडली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून माझा नियम एकच: किमान एक पूर्ण मोसम आणि हातात वही, त्याआधी कोचबद्दल तोंड उघडायचं नाही. राष्ट्रीय संघानेही ही किंमत मोजली आहे. २००८ ला ऑलिंपिकची पात्रताच हुकली, २०१२ ला लंडनमध्ये सगळे सामने हरून बारावे आलो. मग २०१३ ते २०१९ मध्ये कोच नॉब्ज गेले, वॉल्श, व्हॅन ॲस, ऑल्टमन्स, मरीन, हरेंद्र सिंग आले नि गेले, तेव्हा कुठे टोकियोचे कोच रीड आले. टिकून राहिले ते गोलकीपर श्रीजेश आणि मनप्रीतसारखे खेळाडू. लंडनचा तो बारावा नंबरही त्यांनी भोगला आणि टोकियोचं पदकही त्यांनीच घातलं.

पुढच्या धनराजची वाट बघत बसणं

खडकीने धनराज पिल्ले दिला, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण धनराज चार ऑलिंपिक खेळला, १९९२ ते २००४, आणि एकाही वेळी भारताला पदक मिळालं नाही. एका माणसावर संघ उभा राहत नाही.

पेनल्टी कॉर्नरच्या गोलांवर खूश होणं

पॅरिसमध्ये आपले गोल १५, त्यातले १० पेनल्टी कॉर्नर मारणाऱ्या एकट्या हरमनप्रीतचे. फील्ड गोल, म्हणजे चालत्या खेळातले गोल, वेगळे मोजा.

सगळी नवी पोरंच उतरवणं

याला बांधणी म्हणत नाहीत. मधल्या फळीत ओरडून जागा दाखवणारा एक तरी जुना हवा.

कारभाऱ्यांना पदकावरून जोखणं

आपल्या मुली रिओत बाराव्या, टोकियोत चौथ्या. देशभर कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. जानेवारी २०२४ मध्ये रांचीला जपानकडून ०-१ हरल्या आणि पॅरिस हुकलं. म्हणून निकाल चांगला असतानाच मॅनेजमेंटला विचारायचं: दुसरी फळी कुठे आहे? वर्षात सराव सामने किती? ट्रायलची तारीख पोरांना किती दिवस आधी कळते? श्रीजेश भरात असतानाच प्रो लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दुसरा गोलकीपर कृष्ण पाठकला क्वार्टर वाटून उभं करत होते, हे काम मला पदकाइतकंच मोलाचं वाटतं. कुठल्याही क्लबच्या बैठकीला गेलो की आता माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमचा दुसरा गोलकीपर यंदा किती मिनिटं खेळला?