लॅपटॉप बिघडलाय की बटण दाबलं गेलंय? नव्या लॅपटॉपची ओळख कशी करून घ्यावी

नाशिकमधल्या एम. जी. रोडवरच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ उभं राहून बघा. ‘आवाजच येत नाही’, ‘बाण हलत नाही’, ‘पासवर्ड बरोबर टाकतोय तरी घेत नाही’ अशा तक्रारी घेऊन माणसं येतात. काउंटरमागचा मुलगा एखादं बटण दाबतो आणि मशीन परत देतो. बरेचदा लॅपटॉप बिघडलेला नसतोच. काही बटणं अशी असतात की चुकून दाबली गेली की एखादी सोय गुपचूप बंद पडते, आणि स्क्रीनवर त्याचा धड पत्ताही लागत नाही.

म्हणून नवा लॅपटॉप घरी आला की लगेच इंटरनेटकडे धावू नका. आधी तासभर त्याच्या अंगावर काय काय आहे ते बघून घ्या. इथे मी विंडोजच्या लॅपटॉपबद्दलच लिहितोय, कारण घरोघरी तेच असतात. मॅकबुक असेल तर कंट्रोलच्या जागी बहुतेक ठिकाणी कमांड बटण धरा.

चालू करण्याआधी

झाकण बंद असतानाच लॅपटॉप चारही बाजूंनी फिरवून बघा. आयताकृती चपटं तोंड म्हणजे नेहमीचं यूएसबी. पेनड्राइव्ह, माउस, प्रिंटर इथे लागतात. लहान, दोन्ही टोकं गोल असलेलं तोंड म्हणजे टाइप-सी. त्यात पिन उलटसुलट कशीही जाते. एचडीएमआयने लॅपटॉप टीव्हीला जोडता येतो. गोल भोक हेडफोनचं. तळाला किंवा कडेला जाळीसारख्या फटी दिसतात, तिथून गरम हवा बाहेर पडते. लॅपटॉप गादीवर ठेवला की याच फटी बुजतात आणि मग ‘पंखा फार आवाज करतो’ अशी तक्रार सुरू होते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर टेबलच बरं.

आता चार्जर हातात घ्या. त्याच्या काळ्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ असं लिहून पुढे आकडे दिलेले असतात. समजा 19.5 व्होल्ट आणि 3.34 अँपिअर असे असतील, तर दोन्हींचा गुणाकार करा. 65 येतात, म्हणजे हा 65 वॉटचा चार्जर. हा आकडा लिहून ठेवा. उद्या चार्जर हरवला आणि दुकानदाराने ‘हा पण बसेल’ म्हणून दुसरा पुढे केला, तर पिन बसते एवढ्यावर विश्वास ठेवू नका. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. टाइप-सीवर चार्ज होणाऱ्या लॅपटॉपला मोबाइलचा 20 वॉटचा चार्जर लावला तर बॅटरी एक तर भरतच नाही किंवा गोगलगाईच्या गतीने भरते. शिवाय टाइप-सीच्या प्रत्येक तोंडातून चार्जिंग होतंच असंही नाही.

आणखी एक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. चार्जरला तीन पिनांचा प्लग असेल तर त्याला दोन पिनांचा कन्व्हर्टर जोडू नका. जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या कित्येक वाड्यांच्या वायरिंगला आजही नीट अर्थिंग नाही. तिथे धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावून वरून हात फिरवला की बोटांना झिणझिण्या जाणवतात. लॅपटॉप खराब आहे असं वाटतं, पण दोष बहुधा सॉकेटचा असतो. आधी वायरमनला बोलवा.

कीबोर्ड: आधी बोटांनी, मग डोळ्यांनी

लॅपटॉप सुरू करून नोटपॅड उघडा. विंडोजचं बटण, म्हणजे चार चौकोनांचं चित्र असलेलं, दाबून इंग्रजीत ‘नोटपॅड’ लिहायला लागा, तो समोर येईल. इथे काहीही बिघडत नाही, म्हणून सराव इथेच.

दोन्ही तर्जन्या एफ आणि जे या बटणांवर ठेवा. दोन्हींवर बारीक उंचवटा लागेल. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेलेल्यांना ही खूण वेगळी सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच करायचं, की कुठलंही अक्षर दाबून झालं की बोटं परत या दोन बटणांवर आणायची. अक्षरांची ही क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय मांडणी 1870च्या दशकातल्या टाइपरायटरवरून आलेली आहे. ती ए-बी-सी-डी अशी का नाही यावर डोकं शिणवू नका, हात आपोआप शिकतात.

शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट आणि एफएन ही चार बटणं एकटी फारसं काही करत नाहीत. एक धरून ठेवायचं आणि दुसरं दाबायचं. नव्या माणसाची गडबड इथेच होते, कारण तो दोन्ही एकदम दाबायला जातो. आधी कंट्रोल दाबून धरा, मग निवांत झेड दाबा, मग दोन्ही सोडा. शेवटची कृती रद्द होते. पुसलं गेलेलं परत आणणारी ही जोडी आली की भीती निम्मी कमी होते.

सगळ्यात वरच्या ओळीत एफ1 ते एफ12. प्रत्येकावर दोन गोष्टी छापलेल्या असतात: एफचा आकडा आणि एक चित्र. कर्णा म्हणजे आवाज, सूर्य म्हणजे प्रकाश, विमान म्हणजे सगळं वायरलेस बंद. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपवर नुसतं बटण दाबलं की चित्राचं काम होतं आणि एफचं काम हवं असेल तर एफएन धरावं लागतं. म्हणून पॉवरपॉइंट सुरू करायला एफ5 दाबावं तर भलतंच होतं, कुठे स्क्रीन अंधारते, कुठे कीबोर्डचा दिवा लागतो. एस्केप बटणावर लहानसं कुलूप किंवा ‘एफएन लॉक’ दिसतं का बघा. असेल तर एफएन धरून एस्केप दाबलं की दोन्ही कामांची अदलाबदल होते. एक्सेलमध्ये काम करणाऱ्यांना हे फार उपयोगी पडतं, कारण रकान्यातला मजकूर दुरुस्त करायला एफ2 सारखं लागतं.

गुपचूप खोडी काढणारी बटणं

मला विचाराल तर या लेखातला हाच भाग पुन्हा पुन्हा वाचावा. यातलं एकेक बटण मुद्दाम दाबून बघा, काय होतं ते पाहा आणि परत दाबून पूर्ववत करा. स्वतः एकदा बिघडवलेलं दुरुस्त करता आलं की पुढच्या वेळी घाबरायला होत नाही.

कॅप्स लॉक सगळ्यांना माहीत असतं, तरी पासवर्ड चुकण्यामागे बहुधा तेच असतं. त्याच्या शेजारचा छोटा दिवा बघायची सवय लावा. मोठ्या, 15 इंची लॅपटॉपवर बरेचदा उजवीकडे आकड्यांचा वेगळा गट असतो. तिथे नम लॉक, म्हणजे हे आकडे चालू-बंद करणारं बटण, बंद असेल तर आकडे दाबूनही पासवर्डच्या चौकटीत ठिपकेच उमटत नाहीत. ठिपके उमटतात पण पासवर्ड घेत नाही, असं असेल तर कॅप्स लॉक किंवा भाषा बघा. मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर तुम्ही इंग्रजी समजून मराठी टाइप करत असता! पासवर्डच्या चौकटीतलं डोळ्याचं चित्र दाबून धरा, काय लिहिलंय ते दिसतं.

शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबलं की ‘स्टिकी कीज’ची खिडकी उघडते. उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवलं की ‘फिल्टर कीज’ची. ज्यांना एका वेळी दोन बटणं दाबणं अवघड जातं किंवा ज्यांचा हात थरथरतो, त्यांच्यासाठी या उत्तम सोयी आहेत. पण न वाचता ‘येस’ म्हणून बसलात आणि फिल्टर कीज चालू झालं, तर साधं टाइप केलेलं अक्षर उमटत नाही आणि कीबोर्ड मेला असं वाटतं. तेच शिफ्ट पुन्हा आठ सेकंद धरा.

एक्सेलमध्ये बाणाचं बटण दाबल्यावर रकाना बदलण्याऐवजी अख्खा कागद सरकत असेल तर स्क्रोल लॉक चालू आहे. विमानाचं चित्र दाबलं गेलं की वायफाय जातं. पंजा किंवा चौकोनावर रेघ असलेलं चित्र असेल तर ते टचपॅड बंद करणारं बटण, आणि ‘बाण हलत नाही’ या तक्रारीचा उगम बहुतेक वेळा तिथेच असतो.

₹ आणि मराठी

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपवर 4 या आकड्याच्या बटणावर ₹ छापलेला असतो. हे चिन्ह 2010 साली स्वीकारलं गेलं. नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून बाहेर पडणाऱ्या नोटांवर ते असतं, पण आपल्या स्क्रीनवर उमटवायला गेलं की रुसतं. कारण असं, की बटणावर छापलेलं असलं तरी आत कीबोर्ड बहुधा अमेरिकी इंग्रजीचा निवडलेला असतो. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ उघडा, तिथे ‘लँग्वेज’च्या भागात जाऊन ‘इंग्लिश (इंडिया)’ जोडा. मग उजवीकडचं ऑल्ट धरून 4 दाबा.

तिथेच ‘ॲड अ लँग्वेज’मधून मराठीही जोडा. आता विंडोज बटण धरून स्पेस दाबलं की भाषा बदलत जाते, उजव्या खालच्या कोपऱ्यात ती दिसते. टाइप करायचे दोन मार्ग आहेत. ‘मराठी फोनेटिक’मध्ये इंग्रजी स्पेलिंगसारखं लिहायचं आणि सुचवलेल्या शब्दांतून निवडायचं. दुसरा मार्ग इनस्क्रिप्ट, भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी. त्यात स्वर डाव्या हाताखाली आणि बरीचशी व्यंजनं उजव्या हाताखाली. ‘नाशिक’ लिहून बघा: व्ही दाबलं की न, ई दाबलं की काना, शिफ्ट धरून एम दाबलं की श, एफने पहिली वेलांटी, के ने क. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण टाइप अक्षरानंतरच करायची. क ला शिफ्ट लावला की ख, ग ला लावला की घ. जोडाक्षरासाठी मध्ये डी, तो पाय मोडतो.

अधूनमधून चार ओळी लिहायच्या असतील तर फोनेटिक पुरे. रोज पानभर लिहिणार असाल तर पहिला आठवडा चिडचिड सहन करून इनस्क्रिप्टच शिका. हात बसला की शब्द निवडत बसावं लागत नाही.

टचपॅड

एका बोटाने बाण हलतो, टिचकी मारली की क्लिक. दोन बोटं एकत्र टेकवून वर-खाली सरकवली की पान सरकतं. दोन बोटांची एकदम टिचकी म्हणजे राइट क्लिक. दोन बोटं एकमेकांपासून लांब नेली की मजकूर मोठा होतो. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराला सातबाऱ्याची पीडीएफ वाचायला एवढंच पुरतं. तीन बोटं वर सरकवली की उघड्या सगळ्या खिडक्या एकदम दिसतात. टाइप करताना तळवा लागून बाण उड्या मारत असेल तर सेटिंग्जमधल्या टचपॅडच्या भागात संवेदनशीलता कमी करा.

कॅमेरा, माइक, बोटाचा ठसा

मुक्त विद्यापीठाचा ऑनलाइन वर्ग असो की परदेशातल्या नातवाशी व्हिडिओ कॉल, चेहऱ्याच्या जागी काळा चौकोन दिसला की आधी स्क्रीनच्या वरच्या कडेला नख फिरवून बघा. पुष्कळ लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मिलिमीटरभर सरकणारी झडप असते आणि ती बंद राहिलेली असते. माइकचंही वरच्या ओळीत वेगळं बटण असू शकतं. त्यावरचा दिवा लागला असेल तर बहुधा माइक बंद आहे. पॉवर बटणावर किंवा टचपॅडजवळ बोटाच्या ठशाची जागा असेल तर ती जरूर वापरा, आणि दोन्ही हातांची एकेक बोटं नोंदवा. कांदा चिरलेल्या ओल्या बोटाचा ठसा मशीन घेत नाही.

बंद करणं, अडकणं, सांडणं

झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नाही, तो झोपतो. तसाच बॅगेत कोंबून प्रवासाला निघालात तर कधी कधी आतल्या आत गरम होतो. आणखी एक गंमत: विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केलं तरी पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून काही गोष्टी तो जपून ठेवतो. त्यामुळे काही अडलं असेल तर बंद करून चालू करण्यापेक्षा ‘रीस्टार्ट’ जास्त कामी येतं. सगळंच गोठलं असेल तर पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा.

बॅटरी कायम शंभर टक्के ठेवायची गरज नाही. कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असेल आणि लॅपटॉप बहुतेक वेळ टेबलावरच असेल, तर ती चालू करा.

चहा सांडला तर पुसत बसू नका. आधी चार्जर काढा, पॉवर बटण धरून मशीन बंद करा, मग झाकण उघडं ठेवून लॅपटॉप तंबूसारखा पालथा उभा करा. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका आणि वाळला असं वाटलं म्हणून लगेच चालूही करू नका. साखरेचा चहा असेल तर आतून साफ करून घ्यावाच लागतो. दुकानात फोन कराल तेव्हा दुकानदार मॉडेल नंबर विचारेल. तो तळाच्या स्टिकरवर असतो, सीरियल नंबरही तिथेच. त्याचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा, कारण वापराने ती बारीक अक्षरं पुसट होत जातात.